झटक्यात गेलेल्याची वीस वर्षं

पन्नाशीतला धडधाकट गृहस्थ रात्री जेवून झोपतो आणि सकाळी उठत नाही. दहाव्याला जमलेली मंडळी म्हणतात, ‘पुण्यवान होता, झटक्यात गेला. कुणाकडून सेवा करून घेतली नाही.’ घरच्यांना तेवढाच धीर येतो, हे मान्य. पण हे बोलणं खरं नाही, आणि त्याची किंमत गेलेल्याच्या मुलांना मोजावी लागते. बापाला पंचावन्नच्या आत किंवा आईला पासष्टच्या आत हृदयविकार झाला, तर मुलांचा धोका वाढतो. त्यांनी लवकर तपासून घ्यायला हवं. आपण मात्र ती खबर पुण्याच्या खात्यात जमा करून मोकळे होतो.

झटका एका रात्रीचा असतो, आजार वीस-पंचवीस वर्षांचा. कोरियाच्या युद्धात मेलेल्या 300 अमेरिकी सैनिकांच्या हृदयाच्या धमन्या तपासल्याचा अहवाल 1953 साली प्रसिद्ध झाला. सरासरी वय 22. आणि चारांतल्या तिघांच्या धमन्यांत विकाराच्या खुणा होत्या. धमनीच्या आतल्या अस्तराखाली चरबी शिरते, तिथे सूज धरते, थर वाढतो, पुढे त्यात कॅल्शियम साचतं. अनेकदा झटका येतो तो सर्वांत अरुंद जागी नव्हे, तर मध्यम आकाराचा एखादा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी धरते तिथे. म्हणून कालपर्यंत जिने चढणारा माणूस आज जातो, आणि ‘स्ट्रेस टेस्ट तर नॉर्मल होती’ म्हणून सगळे चक्रावतात.

‘अचानक’ हा शब्द मोठमोठ्यांच्या बाबतीतही असाच वापरला गेला आहे. अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन गेले. ध्यानीमनी नसताना घडलं, असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. प्रत्यक्षात वर्षभरापूर्वीच त्यांचा रक्तदाब 186/108 नोंदला गेला होता. आकडा समोर होता. पण त्या काळी त्याचा अर्थ पुरता कळत नव्हता, आणि चांगली औषधंही नव्हती. 1948 साली अमेरिकेतल्याच फ्रॅमिंगहॅम या गावात 5,209 माणसांची वर्षानुवर्षं तपासणी सुरू झाली. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, तंबाखू यांचा हृदयाशी असलेला हिशेब त्यातून उलगडला. रूझवेल्टच्या डॉक्टरांना जे ठाऊक नव्हतं ते आज आपल्या उपकेंद्रातल्या आशाताईंना ठाऊक आहे. आपली सबब कोणती?

तपासणी म्हटलं की आपल्याकडे दोनच तऱ्हा दिसतात. एक म्हणजे ‘उगाच कशाला मागे लावून घ्यायचं!’ दुसरी म्हणजे वाढदिवसाला सवलतीचं ‘फुल बॉडी’ पॅकेज. हा बाजारही तपासून घ्यायला हवा. लक्षणं नसलेल्या सरसकट माणसांच्या मानेच्या धमनीची सोनोग्राफी करू नये, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या अधिकृत समितीचं मत आहे. त्यातून फायद्यापेक्षा नको त्या शस्त्रक्रिया वाढतात. कॅल्शियम स्कोअरचं सीटी स्कॅन मात्र कामाचं आहे, पण ज्याचा धोका मधल्या पायरीवर आहे आणि कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करावी की नाही असा पेच आहे, त्याच्यासाठी. स्कोअर शून्य आला की पुढची काही वर्षं धोका बराच कमी. तरुणाच्या धमनीतला मऊ थर मात्र त्यात दिसत नाही, हे पॅकेजवाले सांगत नाहीत.

साधी साधनं कमी बोलकी नाहीत. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागलं आणि उत्तर 0.9 पेक्षा कमी आलं, तर पायाच्या धमन्या अरुंद झाल्या आहेत; आणि पायाच्या झाल्या तर हृदयाच्याही झाल्या असण्याचा संभव मोठा. लायपोप्रोटीन-ए हा रक्तातला अनुवंशिक घटक आयुष्यात एकदा तपासला तरी बहुधा पुरतो. आणि सगळ्यांच्या आधी दंडाला बांधायचा पट्टा. पाच मिनिटं पाठ टेकून शांत बसा, त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, दोनदा मोजा. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) देशव्यापी पाहणीत 35.5 टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. म्हणजे दर तीन माणसांमागे एक. त्यांतल्या कित्येकांच्या दंडाला तोवर पट्टा लागलेला नव्हता.

हा पट्टा घरात कुणाच्या दंडाला लागतो, हा प्रश्न मला स्कॅनपेक्षा महत्त्वाचा वाटतो. कर्त्या पुरुषाला धाप लागली की गाडी निघते. बाईला धाप लागली तर ‘वय झालं’, पाठ आणि जबडा दुखला तर ‘पित्त’, मळमळलं तर ‘उपास सोसला नाही’. बायकांचा हृदयविकार पुष्कळदा अशाच आडवळणाने बोलतो. वर मिश्री. दात घासायची म्हणून ती व्यसनात मोजलीच जात नाही, पण तंबाखू तो तंबाखूच. सरकारने 2022 च्या नवरात्रात ‘माता सुरक्षित तर घर सुरक्षित’ ही मोहीम काढली, ते बरंच झालं. तरी आईची धमनी घरासाठी जपायची, हा विचार मला खटकतो. तिची ती आहे, एवढं कारण पुरेसं नाही का?

लग्नाच्या बाजारात तर लपवाछपवीच. तिशीतल्या मुलाचा दाब 150 निघाला की आई म्हणते, ‘आत्ता गोळी नको, लग्न व्हायचंय.’ गोळी टाळल्याने दाब उतरत नाही, तो फक्त सुनेपासून लपतो. ज्यांची गोळी सुरू होते त्यांतले अनेक जण आकडा 130 वर आला की ‘बरं झालं’ म्हणून ती सोडतात. आकडा गोळीमुळे उतरला होता, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत आहे. तिथवर पाय निघत नसेल, तर बचत गटाच्या मासिक बैठकीत दोन-अडीच हजारांचं एक यंत्र ठेवायला काय हरकत आहे? हप्त्याच्या वहीत नावापुढे दाबाचाही रकाना आखायचा. हप्ता चुकला की बायका घरी जाऊन विचारतात. रकाना रिकामा राहिला तरी तसंच जाऊन विचारावं, आणि गोळी थांबली असेल तर त्या बाईला केंद्रावर घेऊन जावं.