आठच महिने ना?

काल मैदानाच्या कडेला बसून पोरांपुढे काय अक्कल पाजळत होतास? ‘पृथ्वी शॉला तरी काय झालं? आठच महिने ना?’ वा रे वकील! खटला उभा राहायच्या आधीच बचाव तयार. आता मान वर कर आणि ऐक. ज्या पृथ्वीच्या आड तू लपतोयस, त्याची गोष्ट तुला अर्धीच ठाऊक आहे. सोयीची तेवढी.

तो आपल्याच जिल्ह्यातला. रानशेतहून रिक्षा, डहाणू रोडहून लोकल, की आलं विरार. आई लहानपणीच गेली. बापाने पोराला विरारहून वांद्र्याला नेऊन नेऊन घडवलं. ऑक्टोबर 2018 मध्ये पहिल्याच कसोटीत शतक. आणि 22 फेब्रुवारी 2019 ला इंदूरला, सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत, त्याने लघवीचा नमुना दिला. त्यात टर्ब्युटालिन निघालं. दम लागतो तेव्हा श्वासनलिका मोकळी करणारं औषध, खोकल्याच्या बाटलीतलं. ताकद वाढवायला घेतलं नव्हतं, हे क्रिकेट बोर्डानेही मान्य केलं. तरी आठ महिन्यांची बंदी घातलीच. कारण नियम आधी बघतो तुझ्या अंगात सापडलं की नाही. का घेतलंस, ते नंतर.

खोकला झाला, दुकानातून बाटली आणली, प्यायला. डॉक्टरला विचारलं नाही. एवढंच. पण या ‘एवढंच’मध्ये सगळं आलं की नाही?

आणि तो काही पहिला नव्हता. 2017 साली भारताचा गोलकीपर सुब्रत पाल याच टर्ब्युटालिनमध्ये अडकला, तेव्हा तो आपल्या पुण्याच्या डीएसके शिवाजीयन्सकडून खेळत होता. तू फुटबॉलवाला ना? हे नाव तुला ठाऊक असायला हवं होतं. जानेवारी 2018 मध्ये युसुफ पठाणची पाच महिन्यांची बंदी जाहीर झाली. तेच औषध, तोच खोकला. पेपरात छापून आलं, टीव्हीवर झालं. त्यानंतर वर्षभराने पृथ्वीने बाटली उघडली. पुढच्याला ठेच लागली तरी मागचा शहाणा झाला नाही. आता पृथ्वीच्याही मागे तू. तिघांना ठेच लागलेली बघून चालतोयस, आणि वर विचारतोस काय झालं?

राहिले तुझे आठ महिने. निकाल 30 जुलैला लागला, पण बंदी मोजली 16 मार्चपासून. मधल्या दिवसांत तो आयपीएलही खेळून मोकळा झाला होता. तेव्हा क्रिकेटपटूंची तपासणी बोर्डच बघत होतं. ओरड झाली. दहा दिवसांत, 9 ऑगस्टला, बोर्डाने नाडाच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या, कक्षेत यायचं कबूल केलं. ती पळवाट तिथेच बुजली. तुझ्यासाठी तर ती कधी उघडीच नव्हती. तुझ्या मागे कुठलं बोर्ड उभं आहे रे? कोणता वकील दिल्लीला जाणार आहे? स्टेरॉइड सापडलं तर चार वर्षांपर्यंत घरी बसशील. तुझं वय वीस. चार मिळव त्यात आणि सांग कितव्या वर्षी विद्यापीठाकडून खेळणार आहेस. आणि फुटबॉल नाही तर कबड्डी, असंही नाही. बंदीच्या काळात कुठल्याच मान्यताप्राप्त स्पर्धेत उतरता येत नाही. सरकारी नोकरीतल्या खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणावर डोळा आहे ना तुझा? तिथे अर्जाला काय जोडणार? बंदीचं पत्र?

पावडरीचा तो काळा डबा मी पाहिलाय. तुझ्या बॅगेत, बुटांखाली दडवलेला. निम्मा संपलाय. पुढे वाघाचं चित्र, मागे घटकांची यादी असायला हवी तिथे स्टिकर नखाने खरवडलेला. बॅच नंबर नाही, बनवणाऱ्याचा पत्ता नाही. ‘जिममधल्या दादाने दिला.’ दादा तुझ्या जागी नमुना देणार आहे का? त्याचं काय जातं?

म्हणे, ‘सर, ती औषधांची नावं वाचता येत नाहीत.’ बुटांचे मॉडेल नंबर बरे पाठ आहेत! परदेशी खेळाडूंची आडनावं न अडखळता घेतोस. टर्ब्युटालिन एवढंच काय जिभेला जड? नाडाने औषध तपासायला ‘नो युवर मेडिसिन’ नावाचं ॲप काढलंय. फोन तर दिवसभर हातातच असतो. वाचता येत नाही हे खोटं. वाचायचं नाही, हे खरं. वाचलं की सोडावं लागेल ना!

‘डॉक्टरांनीच दिलं’ हे दुसरं. डॉक्टरांना तू खेळाडू आहेस हे सांगितलंस? नाही. मग त्यांनी काय तोंड बघून ओळखायचं? औषध खरंच लागत असेल तर त्याचीही रीत आहे. कागद लावायचे, परवानगी काढायची. दमा असलेले खेळाडू खेळतातच की.

आणि तिसरं, सगळ्यात लाडकं: ‘सगळेच घेतात.’ सगळे? सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर नाडाची माणसं आली म्हटल्यावर शंभर मीटरच्या फायनलला एकटा धावपटू उतरला. बाकीचे गायब. कुणाचा पाय दुखला, कुणाचा स्नायू आखडला. त्याच वर्षी भारतात तपासलेल्या 5,606 नमुन्यांपैकी 3.8 टक्के पॉझिटिव्ह. पाच हजारांहून जास्त नमुने तपासणाऱ्या देशांत आपला नंबर पहिला. या सगळ्यांत तुला नाव लावायचंय? तूही स्नायू धरून बसणार?

मला राग पावडरीचा नाही. तू ठोंब्या असतास तर एक शब्द बोललो नसतो. डावा पाय तुझा असा, की नव्वदाव्या मिनिटालाही चेंडू तू म्हणशील तिथे पडतो. तो डब्यातून आला का? पहाटे साडेपाचला घाटाळ रस्त्यावर पळून आला. आता पळणं बंद केलंस, डबा सुरू केलास. दोन महिने बघतोय मी. पहाटे उठायला नको, म्हणून हा सगळा खटाटोप!

उद्या तो डबा आणून माझ्या टेबलावर ठेव. बिल असेल तर तेही आण. नसेलच. साडेपाचला मैदानावर ये. मी सव्वापाचला येईन. आणि यापुढे सर्दी-खोकला झाला, साधी गोळी घ्यायची झाली, तरी आधी मला फोन कर. रात्री अकराला कर. शिव्या घालीन, पण उचलीन.