ऊन, सावली आणि निवड

गेल्या वैशाखांत मलकापुरास असतां शेजारचा एक तरुण भर दुपारीं धांवत मजकडे आला. त्याच्या घरीं पाळलेला साप आहे, हें मला तेव्हांच कळलें. येथील नाग, धामण वा अजगर पाळण्यास 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याची आडकाठी आहे. हा होता आफ्रिकेंतील ‘बॉल पायथन’ जातीचा लहानसा अजगर. काचेच्या पेटीचें एक टोक सुमारें 32 अंशांचें, दुसरें 26 अंशांचें, आणि ऊब आटोक्यांत ठेवणारें यंत्र, अशी त्यानें चोख व्यवस्था केली होती. त्या दिवशीं मात्र वीज गेली होती आणि खोलीच 40 अंशांवर तापली होती. “सर, यंत्र फार तर ऊब बंद करील, गारवा कोठून देणार?” तो काकुळतीनें म्हणाला. आमच्या जाड भिंतींच्या मधल्या खोलींत आम्हीं पेटी आणली, तीवर ओलें फडकें पसरून वारा घातला, साप वांचला.

जातांना त्यानें विचारलें, “मी याची एवढी निगा राखतों; मग यांत अन्याय तो कोणता?”

सापाचें रक्त थंड असतें, असें आपण सहज म्हणतों; तें खरें नव्हे. आपण अन्नापासून देहांत ऊब निर्माण करतों. साप ती बाहेरून उसनी घेतो. सकाळीं तो उन्हांत पडतो, दुपारीं बिळांत शिरतो. खाल्ल्यावर ऊब मिळाली नाहीं, तर त्याचें अन्न पचत नाहीं. आपली शेगडी आपल्या पोटांत आहे; त्याची त्याच्या हालचालींत आहे. तेव्हां त्याला कोंडणाऱ्यानें त्याची जागाच नव्हे, तर देहाचा एक व्यापारच हिरावून घेतला. पेटींतील उष्णतामापक ही त्या कर्जाची फेड होय. तिला दया म्हणणें मला धार्ष्ट्याचें वाटतें.

पेटींत साप अधिक वर्षें जगतो, त्यास मुंगसाचें भय नसतें, असें कोणी म्हणेल. तें मान्य केलें, तरी कुत्रें दुःख झाल्यास केंकाटतें. साप तापून मरतांनाहि ओरडत नाहीं. ज्याला तक्रार करतां येत नाहीं, त्याच्या सुखाविषयीं मालकानें दिलेली साक्ष अपुरीच समजली पाहिजे. पेटीला दोन टोकें ठेवावीं लागतात, यांतच एक बोध आहे. कोणताहि एकच आंकडा, कितीहि अचूक असला तरी, दुसऱ्याच्या निवडीची जागा घेऊं शकत नाहीं. मुलांना आपल्याच मापाच्या उबेंत वाढविणाऱ्या आम्हां पालकांनींहि हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

मग त्यास सोडून द्यावें काय? येथील रानांत तो परका. एक तर होरपळून मरेल, नाहीं तर येथील जीवांना उपद्रव होईल. त्याला मुक्ती म्हणणें म्हणजे स्वतःचा भार टाकून देणें होय. आरंभ चुकला म्हणून कर्तव्य संपत नाहीं. उलट तेथूनच तें सुरू होतें. मीं त्या तरुणास एवढेंच सांगितलें: दुसरा साप आणूं नकोस, आणि याला अखेरपर्यंत अंतर देऊं नकोस. हा जीव वीस वर्षांहून अधिक जगूं शकतो, हें ऐकून तो बराच वेळ गप्प राहिला.

दुसऱ्या दिवशीं पेटी त्याच्या घरच्या मधल्या खोलींत गेली होती, आणि तो वीज गेल्यावर चालणाऱ्या पंख्याची चौकशी करीत होता.