दाराच्या मध्यबिंदूपासून

शिंगणापूरला माझ्या मामाचं घर आहे. चौकट चांगली सागवानी, पण तिला दार नाही. लहानपणी सुट्टीत गेलो की निजायच्या आधी मामी चौकटीत एक फळी आडवी टेकवून ठेवायची, तीही कुत्री आत येऊ नयेत म्हणून. दागिने कुठे, पैसे कुठे, हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक असे. चोरी केली तर शनिदेव बघून घेतो, यावर गावाचा भरवसा. २०११ साली युको बँकेने तिथे शाखा काढली, तेव्हा ‘बिनकुलपाची बँक’ म्हणून पेपरांत बातम्या आल्या. २०१५ मध्ये गावाला पोलीस ठाणं मिळालं. त्यावर मामा म्हणाला होता, “ठाणं आलंय तर आता चोरबी येतील.”

याच मामाचा २०१६ च्या पावसाळ्यात फोन आला. परमिट रूमचा अर्ज करायचा होता आणि तो लिहून देणारा घरातला माणूस हवा होता. मी तेव्हा नगरला एका कर सल्लागाराकडे कामाला होतो. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, नकाशे हा आमचा रोजचा धंदा. दारूचा अर्ज मात्र मी तोवर केलेला नव्हता.

मामाची घोडेगावला रस्त्याकडेला थोडी जागा आहे. नगरहून संभाजीनगरकडे जाताना शिंगणापूरसाठी जिथे वळायचं, ते हे घोडेगाव. तिथे मामाची रसवंती होती, आजही आहे. त्या रस्त्यावर बैलाच्या लाकडी चरकाच्या रसवंत्या ओळीने दिसतात. शनिवारी आणि शनी अमावस्येला गाड्यांची रांग लागते, एरवी दुपारी बैल उभ्या उभ्या झोपतो. मामाचा हिशोब सरळ होता. रसाच्या ग्लासात सुटतं काय आणि बाटलीत सुटतं काय! “दर्शनाला जाताना कुणी पीत नाही,” तो म्हणाला, “पण माघारी येताना समदी विचारत्यात, इथं जवळपास बसायची सोय हाय का म्हणून.”

ऊस दोन्हीकडे तोच, हे मला नंतर सुचलं. आमचा जिल्हा उसावर वाढलेला. १९५० च्या सुमाराला प्रवरेला विठ्ठलराव विखे आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला, त्यानंतर तालुक्या-तालुक्यात धुराडी उभी राहिली. साखर काढून उरते ती मळी, मळीपासून स्पिरिट आणि स्पिरिटपासून देशी. पाटाच्या पाण्यावर पिकलेला ऊस अर्धा गोड होऊन आणि अर्धा कडू होऊन पुन्हा गावातच परत येतो.

अर्ज करायला बसलो तेव्हा पहिली गंमत कळली ती कायद्याच्या नावाची. दारू विकण्याची परवानगी ज्या कायद्याखाली मिळते त्याचं मूळ नाव मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९. बंदी आधी, परवानगी नंतर. कायद्याच्या भाषेत महाराष्ट्रात दारू आजही बंदच आहे. परवाना म्हणजे त्या बंदीतून तुमच्यापुरती काढून दिलेली वाट. विकणाऱ्याला परवाना लागतो तसा पिणाऱ्यालाही लागतो. एका दिवसाचा परवाना विदेशीसाठी पाच रुपयांना आणि देशीसाठी दोन रुपयांना मिळतो. बीअर आणि वाइनला वय एकवीस, कडक दारूला पंचवीस. परमिट असलेल्यांनी बसून प्यायची खोली ती परमिट रूम. हजारदा पाटी वाचूनही या शब्दाचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नव्हता. हा लेख लिहिणाऱ्याकडे ते पाच रुपयांचं परमिट कधीच नव्हतं, आणि तो अगदी कोरडा राहिलेला माणूसही नाही.

परवान्यांच्या जाती मला एका एजंटाने शिकवल्या. त्याचं नाव घेत नाही; त्याने मामाकडून जे घेतलं ते परत आलं नाही, एवढं पुरे. सीएल-तीन म्हणजे देशीचं दुकान, एफएल-दोन म्हणजे वाइन शॉप, एफएल-तीन म्हणजे परमिट रूम. पहिल्या दोन्ही जातींचे नवे परवाने सत्तरच्या दशकापासून मिळेनासे झाले होते. जुनेच एका हातातून दुसऱ्या हातात जात होते, आणि त्यांचे भाव ऐकून मामाने कानाला हात लावला. उरली परमिट रूम.

मग कागद. जागेचा उतारा, चारित्र्य पडताळणी, थकबाकी नसल्याचा दाखला, अन्न परवाना, पोलिसांचा खाद्यगृह परवाना, ग्रामसभेचा ठराव, आणि जागेचा नकाशा. बसायची खोली कुठे, माल ठेवायची कुठे, आत जायचं दार कुठे, हे सगळं मोजमापासह. मालाच्या खोलीला कुलूप हवं हे सांगितल्यावर मामा थोडा गप्प झाला. नंतर म्हणाला, “घोडेगावला लावू. तिथं चालतं.” फाईल मात्र त्याने शनिवारी हातात घेतली नाही. आणि अर्जावर पहिली सही करायच्या आधी चौथऱ्यावर तेल वाहून आला. मी काही बोललो नाही. देवाला काय सांगून आला असेल, याचं मात्र कुतूहल अजून आहे.

नियमांत मला सगळ्यात आवडला तो अंतराचा. शाळा आणि देऊळ यांच्यापासून पंचाहत्तर मीटर. आता हे मीटर मोजायचे कुठून? तर दुकानाच्या दाराच्या मध्यबिंदूपासून, माणूस एरवी ज्या जवळच्या वाटेने चालत जाईल त्या वाटेने, शाळेच्या किंवा देवळाच्या फाटकाच्या मध्यबिंदूपर्यंत. म्हणजे दाराला मधोमध खूण करायची आणि टेप धरून चालत सुटायचं. मी आणि मामाचा मोठा मुलगा असे एका रविवारी चाललो. शाळा भरली एकशे चाळीस मीटर, देऊळ त्याहून लांब. शनिदेव तर पाच-सहा किलोमीटरवर, त्यामुळे त्याचा प्रश्नच नव्हता. टेप गुंडाळताना मनात आलं, हाच नियम शिंगणापुरात लावायचा तर मध्यबिंदू कशाचा धरतील? चौकटीचा धरतील बहुतेक. आणि देव तर उघड्यावरच उभा आहे, त्याला छप्परही नाही.

कायद्याने मोजता येईल ते मोजावं, यात त्याची चूक नाही. पोरगं शाळेतून सुटल्यावर त्याच्या वाटेत काय येतं, हे मीटरने थोडंफार कळतं. बाप रात्री घरी येतो तेव्हा काय होतं, ते कळत नाही. त्या फाईलमध्ये मामाचा फोटो तीन ठिकाणी होता. त्याने गुन्हा केलेला नाही हे लिहिलेलं होतं, कर भरलेला आहे हे लिहिलेलं होतं. ज्या घरांतून गिऱ्हाईक येणार होतं त्या घरांविषयी एकही रकाना नव्हता. इतके अर्ज लिहून मला सवय झालेली आहे. कुठल्याच अर्जात असा रकाना नसतो. पण या अर्जात तो नसणं मला पहिल्यांदा खटकलं.

डिसेंबरात फाईल अडली. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत दारूविक्री नको, आणि १ एप्रिल २०१७ पासून जुन्यांनाही मुभा नाही. मामाची रसवंती रस्त्यापासून हाकेवर होती. एजंट म्हणाला, थांबा, यातूनही वाट निघेल.

थांबलो. त्यात फेब्रुवारी आला आणि जिल्हा परिषदेच्या निवडणुकीचा धुरळा. नगर तालुक्यात पांगरमल नावाचं गाव आहे. तिथे निवडणुकीच्या जेवणावळीत वाटलेल्या विषारी दारूने माणसं मेली. रोज एक नाव वाढत होतं. त्या आठवड्यात मामा दोनदा फोनवर बोलला. त्याचं म्हणणं असं, की परवान्याची दारू असती तर ही माणसं मेली नसती. सील असतं, लेबल असतं, विकणारा कोण ते सरकारला ठाऊक असतं. हा मुद्दा खोटा नाही. परवान्याच्या बाजूने बोलण्यासारखं जे काही आहे त्यातला हाच सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि मला त्याचं उत्तर तेव्हाही देता आलं नाही. मी एवढंच म्हटलं, “मामा, फुकट वाटलेली दारू होती ती. तुमची फुकट असणार नाही.”

३१ मार्चला न्यायालयाने थोडं सैल केलं. वीस हजारांच्या आत वस्ती असलेल्या गावांना पाचशेऐवजी दोनशेवीस मीटर. घोडेगाव त्यात बसत होतं. रस्त्याकडेची जागा तरीही नियमात बसत नव्हती, पण तिच्या मागे मामाचं रान आहे, लांबट, पाटापर्यंत गेलेलं. एजंट म्हणाला, दार मागे न्या. त्याच सुमाराला केरळातल्या उत्तर परवूरच्या एका बारची बातमी आली होती. त्याने दारासमोर नागमोडी भिंती घालून आत जायची वाटच इतकी लांब केली, की चालत मोजलं तर पाचशे मीटर भरावेत. एजंटाने ते छायाचित्र मोबाइलवर सगळ्यांना दाखवलं. आपल्या दाराचा मध्यबिंदू असाच पाटाकडे सरकवायचा, आणि तिथून टेप धरायचा.

नवा नकाशा झाला. मागच्या रानाचा उतारा काढला, तर त्यावर दोन नावं. मामाचं आणि मामीचं. नव्वदच्या सुमाराला शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवली होती, बायकोचं नाव जमिनीला लावा म्हणून. मामा तेव्हा बिल्ला लावून हिंडणाऱ्यांतला. गावात पहिल्या पाच-दहांत त्याने हे रान मामीच्या नावे अर्धं करून दिलं होतं आणि नंतर विसरून गेला होता. सहधारक म्हटल्यावर तिचं संमतीपत्र आलं. मी शंभराच्या स्टँप पेपरवर मजकूर करून घेतला आणि शिंगणापूरला गेलो.

मामी भाकरी थापत होती. तव्यावर एक, परातीत एक. मी कागद वाचून दाखवला. “सदर मिळकतीत परवानाकक्ष चालविण्यास माझी कोणतीही हरकत नाही,” इथपर्यंत आलो तेव्हा तिने तव्यावरची भाकरी उलटली, चुलीच्या कडेला फुगायला लावली आणि विचारलं, “हे माझं म्हणून लिहिलंय का?”

“हो मामी, तुमच्याच नावचं आहे.”

“मंग मला हरकत हाय.”

मामा ओट्यावर बसला होता. तो काही बोलला नाही. मामीचा बाप देशी पिऊन गेला हे त्याला ठाऊक होतं, मलाही होतं. सरकारमान्य दुकानातली देशी, सील असलेली. वर्षभर या धंद्याची चर्चा त्या घरात चालली होती आणि तिला कोणी विचारलं नव्हतं, मीही नाही. शेवटी विचारलं तेही मालकीण म्हणून, कारण उताऱ्यावर नाव होतं. नाव नसतं तर कागद तिच्यापर्यंत आलाच नसता.

बायकांना विचारणारा एक नियम आहे, पण तो दुकान उघडल्यानंतरचा. २००८ च्या नियमाप्रमाणे गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली तर गुप्त मतदान लागतं. मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. उभी म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. मामीला हे मी त्याच दिवशी सांगितलं. तिने एकच विचारलं, “निम्म्या बायका आडवीला मिळायच्या कशा?” तिच्या बोलण्यात वर्म होतं. आडवीला मतं लागतात ती झालेल्या मतदानाच्या निम्म्याहून जास्त नव्हेत, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त. ऊसतोडीला गेलेली, माहेरी बाळंत झालेली, नवऱ्याने घरात बसवलेली, यादीत नाव असून वारलेली, या सगळ्या आपोआप उभ्या बाटलीकडे मोजल्या जातात. मामाने केला तसा अर्ज एक माणूस करू शकतो. त्यातून उघडलेलं दुकान बंद करायचं तर आधी सह्या, मग तपासणी, मग तारीख, आणि त्या दिवशी यादीच्या निम्म्याहून जास्त बायका घराबाहेर.

मामाने पुन्हा विषय काढला नाही. रसवंतीला त्याने पुढच्या वर्षी पत्र्याची शेड केली, बाजूला मिसळ सुरू केली. ती चालते. बैल बदलला आहे.

मागच्या दिवाळीला गेलो तेव्हा ती फाईल फडताळात दिसली, वर मामीच्या पोथ्या. उघडून पाहिली. नकाशा पिवळा पडलाय, पाटाकडच्या दारावर माझ्या हातची मध्यबिंदूची खूण तशीच आहे, आणि शेवटी तो सहीविना स्टँप पेपर. मामाला दाखवला, तर म्हणाला, “टाकून दे. शंभराचा आता चालत नाही. पाचशेचा लागतो म्हणत्यात.”