पेडलखाली चुका झाकत नाहीत

पाय काढ आधी पेडलवरून! बाकीचं मग बोलू.

यमन वाजवत होतास ना? तीव्र मध्यमावरून पंचमावर आलास आणि मध्यम मागे तसाच घणघणत राहिला. दोघांत अंतर अर्ध्या सुराचं. एकदम वाजले की कान किटतात. वर तंबोऱ्याचा दाखला देऊ नकोस. तंबोरा षड्ज-पंचम धरतो, तू वाटेत भेटेल तो सूर धरून ठेवतोस. षड्ज-पंचमच धरायचे असतील तर ते दाबून मधलं पेडल दाब. तेवढेच लांबतील, पुढचे मोकळे राहतील. तीन पेडलांचा स्टँड हौसेनं आणलास, पण मधल्याला कधी पाय लावलास का?

उजवं पेडल कसं वापरायचं? टाच जमिनीवर, चवडा पेडलवर. नवा सूर वाजला की पाय वर, लगेच पुन्हा खाली. बोट आधी, पाय मागून. तू सुरुवातीला दाबतोस ते थेट तिहाईला सोडतोस! त्यात पियानोला स्ट्रिंग्जचा आवाज जोडलेला. 64 आवाजांचं वाद्य असेल तर एका पट्टीला निदान दोन आवाज खर्ची पडतात. मर्यादा संपली की आधीचे सूर तुटतात, आणि तू म्हणतोस वाद्य बिघडलं.

टच का फिक्स्ड ठेवलास, तेही मला ठाऊक आहे. करंगळी कच्ची आहे, ती उघडी पडू नये म्हणून. घरी हेडफोन लावून रिव्हर्बमध्ये वाजवतोस आणि स्वतःवरच खूश होतोस. पत्र्याचा सभामंडप आधीच घुमतो, तिथे हाच रिव्हर्ब चढवलास तर अभंगाचा एक शब्द कळायचा नाही. नरसीला, नामदेवांच्या गावात, माणसं अभंग ऐकायला बसतात, तुझी घुमघुम ऐकायला नव्हे.

आणि ते ट्रान्सपोज! बुवा म्हणाले काळी चार, तू बटणानं उणे चार केलंस आणि बोटं पांढरी एकवरच ठेवलीस. भर भजनात लाइट गेली तर? बऱ्याच वाद्यांत बंद होऊन सुरू झालं की ट्रान्सपोज शून्यावर येतं. बुवा काळी चारमध्ये, तबला काळी चारमध्ये आणि तू एकटा पांढरी एकमध्ये. कुठं तोंड लपवशील?

बटणं वाईट नाहीत रे. ज्याला त्यांच्यावाचून वाजवता येतं, त्याच्या हाती ती शोभतात. तू रियाज वाचवायला दाबतोस, म्हणून रागावतो.

पेडलची वायर आजपासून माझ्याकडे राहील. पुढच्या गुरुवारी यमन काळी चारमधून ऐकेन: ट्रान्सपोज शून्य, रिव्हर्ब बंद, टच नॉर्मल, लय विलंबित. आला तर वायर परत मिळेल. नाही आला, तर दसऱ्याला हिंगोलीत रामलीला मैदानावर माझ्या साथीला बसायचं नाही.