आसनाखालची टाकी

जो अपघात घडलाच नाही, त्याबद्दल कुणाला दोषी धरता येईल काय? प्रश्न वरवर वकिली थाटाचा वाटतो. माझ्यापुढे तो उभा राहिला तो मात्र एका जुन्या जीपच्या टाकीमुळे.

माझ्या मामांची जीप 1960च्या दशकातली. विलीजच्या ज्या जीप महिंद्रांनी 1947 पासून आपल्याकडे जोडायला आणि पुढे बनवायला घेतल्या, त्या घराण्यातली. हिची पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखालीच असते. इंजिनाला लावलेला एक साधा पंप तिच्यातले पेट्रोल ओढून घेई. इंजिन फिरले की त्याचा पडदा वरखाली होई आणि कार्बोरेटरपुरता, चौरस इंचाला 3-4 पौंडांचा, दाब निर्माण करी. वैशाखात चढणीवर नळीतच पेट्रोलची वाफ होई आणि गाडी थांबे. मग पंपावर ओले फडके ठेवून आम्ही मुले सावलीत बसत असू.

अलीकडे मामांनी रीतसर परवानगी काढून तिच्यात फ्यूएल इंजेक्शनचे इंजिन बसवले. त्याला 40 पौंडांच्या आसपास दाब लागतो. त्यासाठी विजेवर चालणारा पंप टाकीच्या आतच ठेवणे उत्तम. तेथे तो पेट्रोलात बुडून थंड राहतो आणि पेट्रोल ओढण्याऐवजी ढकलत असल्याने नळीत सहसा वाफ धरत नाही. काम नाजूक. टाकीला वरून भोक पाडायचे, आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून घातक, कारण तिच्यात उरलेल्या वाफा हवेत मिसळून ठिणगीची वाट पाहत असतात. (रिकामेपणाविषयी आपल्या किती चुकीच्या समजुती असतात!) आतली नळी बाहेरूनही पेट्रोल सोसणारी हवी. चढउतारावर पेट्रोल एका बाजूला गेले तरी पंपाचे तोंड कोरडे पडू नये, म्हणून त्याच्याभोवती वाटी हवी. मेकॅनिकने हे सारे मनापासून केले. इंजिनाच्या संगणकाकडून येणारी वायर मात्र जुळेना, तेव्हा त्याने पंप थेट किल्लीला जोडून टाकला.

गाडी उत्तम चालली. मग बिघडले कुठे? जुना पंप इंजिनाच्या बळावर चाले. गाडी उलटून इंजिन थांबले की तोही थांबे. त्याच्या दुबळेपणातच त्याचा लगाम होता. नव्या पंपाला इंजिनाची गरज नाही. किल्ली फिरवलेली आहे तोवर, नळी तुटली तरी तो इमानाने पेट्रोल फेकत राहील; आणि आसनावरचा माणूस त्या वेळी शुद्धीवर असेलच असे नाही. कारखान्यातून येणाऱ्या अशा गाडीत इंजिन थांबताच पंपाची वीज तोडण्याची योजना असते. आमच्याकडे पंप आला, लगाम आला नाही.

मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "काका, अशा कितीतरी गाड्या केल्या. काही होत नाही." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. बहुतेक गाड्या उलटतच नाहीत. पण गाडी सुखरूप राहिली हे चालवणाऱ्याचे नशीब. त्याची नोंद आपल्या कसबाच्या खात्यावर कशी करावी? दोष मला परिणामात दिसत नाही. ठाऊक असूनही दुसऱ्याच्या वतीने आपण परस्पर धोका पत्करतो, तेथे तो दिसतो. मामांना हा धोका कुणी सांगितलाच नव्हता. सांगितला असता आणि त्यांनी मान डोलावली असती, तरी मागच्या बाकावर बसणाऱ्या नातवंडांना कुणी विचारले होते?

यावर काही जण म्हणतील, जुना पंपच बरा होता. मला ते पटत नाही. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल इंजिनाच्या तेलात उतरे. आणि आजचे 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल जुन्या रबराला मुळीच मानवत नाही. जुने तेवढे निर्दोष, ही समजूत आपल्या आळसाला सोयीची असते.

मेकॅनिक दोन दिवस रुसला होता. तिसऱ्या दिवशी येऊन त्याने आसन उचलले, वायर काढली आणि इंजिन फिरते की नाही हे पाहूनच वीज देणारा रिले बसवला. मग किल्ली फिरवली. टाकीतून दोन सेकंद गुणगुण आली आणि थांबली.

"बिघडला का रे?" मामांनी विचारले.

"नाही मामा, इंजिनासाठी थांबलाय."