तळ्याकाठचा मुक्काम

गेल्या हिवाळ्यात आम्ही शिवपुरी जिल्ह्यात एका तळ्याच्या काठी दोन रात्री तंबूत राहिलो. जागा राखीव जंगलाच्या हद्दीबाहेरची, एका परिचितांच्या शेताला लागून असलेली. पलीकडच्या तीरापासून करधई, खैर आणि सालई यांचे रान सुरू होत होते. पुण्याहून आलेल्या नातवाचा हट्ट होता की या खेपेस किल्ला आणि जयविलास पुरे झाले, आबांनी आपल्याला जंगलात न्यावे. तंबू ठोकले गेले, शेकोटी पेटली, वांगी निखाऱ्यावर भाजून भरीत झाले आणि रात्री उशिरापर्यंत कोल्हेकुई ऐकत आम्ही बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी सकाळी सामान गाडीत चढले. मी बादलीने तळ्याचे पाणी आणून शेकोटीच्या राखेवर ओतू लागलो. दोन बादल्या ओतल्यावरही मी काठीने राख उकरीत आहे हे पाहून नातू म्हणाला, "आबा, आपण तर आता निघालोच ना? मग एवढं कशाला?"

मी त्याला व्यवहारातले उत्तर दिले. राखेखाली विस्तव राहतो, वारा सुटला की वाळलेले गवत पेट घेते. त्याचे समाधान झाले. माझे झाले नाही. कारण त्याने विचारले होते ते विस्तवाविषयी नव्हतेच. जी जागा आपली नाही, जिथे आपण पुन्हा बहुधा यायचेही नाही, तिचे आपण काय देणे लागतो, असा तो प्रश्न होता.

ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न परका वाटू नये. आपल्यापैकी कित्येकांच्या पत्त्यात गेली दोनशे वर्षे 'लष्कर' हा शब्द आहे आणि तो आपण इतक्या वेळा लिहिला आहे की त्याचा अर्थ आपल्याला ऐकू येईनासा झाला आहे. १७९४ मध्ये महादजी शिंदे पुण्याजवळ वानवडीस निवर्तले. त्यांच्या मागून आलेल्या दौलतरावांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या दक्षिणेस आपल्या फौजेचा तळ दिला. तो तळ पुढे उठलाच नाही. राहुट्यांच्या जागी वाडे आले, कनातींच्या जागी भिंती आल्या, बाजारबुणग्यांची दुकाने पक्क्या पेठा झाल्या. तरी 'कंपू' आणि 'शिंदे की छावनी' ही वस्त्यांची नावे आजही सांगतात की आपण एका मुक्कामावर राहतो. जगाला धर्मशाळा म्हणणारे पुष्कळ. आपण मात्र अक्षरशः छावणीत जन्मलो.

ही छावणी स्थिरावण्याच्या आदल्या वर्षी, १८०९ मध्ये, ब्रॉटन नावाचा एक इंग्रज अधिकारी रेसिडेंटच्या रक्षक तुकडीबरोबर दौलतरावांच्या फिरत्या तळावर होता. त्याने आपल्या भावाला लिहिलेली पत्रे १८१३ मध्ये पुस्तकरूपाने लंडनला प्रसिद्ध झाली. त्यांत तळावरची होळी आहे, मोहरम आहे, भरलेला बाजार आहे आणि थकलेल्या पगारासाठी धरणे धरून बसणारे लोकही आहेत. एक चालते-बोलते नगरच ते. पण अशा नगराचा दुसरा हिशेबही मांडला पाहिजे. हजारो घोडे, बैल, उंट आणि हत्ती ज्या शिवारात चार दिवस उतरतात, तेथील गवत, सरपण आणि उभे पीक यांचे काय होत असेल, हे सांगायला कोणा इंग्रजाच्या पत्राची गरज नाही. ज्याला उद्या कूच करायचे आहे त्याला परवाच्या पिकाची चिंता नसते. नातवाचा प्रश्न हा मुळात छावणीचा प्रश्न आहे.

यावर सामान्यतः असे उत्तर दिले जाते की जतन करण्यासाठी मालकी हवी. जो राहणार आहे, ज्याची मुलेबाळे तेथेच नांदणार आहेत, तोच जमिनीची काळजी घेईल. वाटसरू घेणार नाही. हे उत्तर पटण्यासारखे आहे, परंतु आपल्या शिवपुरीनेच ते खोटे ठरवले आहे. शिवपुरी ही शिंदे दरबाराची उन्हाळी राजधानी. तेथील जंगल दरबाराचे, शिकारही दरबाराची. १९११ मध्ये सम्राट पंचम जॉर्ज येथे वाघाच्या शिकारीसाठी मुक्काम करणार म्हणून त्या रानातल्या उंच टेकडीवर जॉर्ज कॅसल उभारला गेला. वाघ वाटेतच मिळाला आणि सम्राट त्या वास्तूत राहिलेच नाहीत, असे सांगतात. एका रात्रीच्या मुक्कामासाठी दगडी इमारत बांधली आणि तोही मुक्काम घडला नाही! ज्या वाघासाठी हा खटाटोप झाला तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या जंगलातून नाहीसा झाला. मार्च २०२३ मध्ये बाहेरचे वाघ आणून तेथे सोडावे लागले आणि मार्च २०२५ मध्ये माधव राष्ट्रीय उद्यानाला व्याघ्र प्रकल्पाचा दर्जा मिळाला.

टेकडीखालच्या तळ्याचीही कथा अशीच. माधवराव महाराजांच्या मातोश्रींचे, सख्याराजांचे नाव धारण करणारे सख्यासागर १९१८ मध्ये बांधले गेले. लोक त्याला चांदपाठा म्हणतात. मगरी आणि हिवाळी पाखरे यांचे ते घर. २०२२ मध्ये त्याची गणना आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळ स्थळांत झाली. तरीही शहराचे सांडपाणी आणि जलपर्णी यांनी त्याला वर्षानुवर्षे ग्रासले आहे. ते सांडपाणी दोन रात्री तंबूत राहणाऱ्यांचे नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या पक्क्या घरांत राहणाऱ्यांचे आहे. तेव्हा मालकाने जपले आणि वाटसरूने नासले अशी सरळ विभागणी करता येत नाही. मालकीतून जिव्हाळा जन्मतो तसा माजही जन्मतो. 'माझेच आहे' या शब्दांत 'मी जपीन' हाही अर्थ आहे आणि 'मी वाटेल ते करीन' हाही.

मग उत्तर कोठे शोधावे? मला ते पाहुणेपणाच्या कल्पनेत सापडते. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९५ मध्ये, म्हणजे महादजींच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षी, चिरंतन शांततेविषयी एक निबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे की पृथ्वी गोल आहे, तिचा पृष्ठभाग मर्यादित आहे. माणसे अनंतापर्यंत पांगू शकत नाहीत, त्यांना एकमेकांच्या शेजारी राहणे भाग आहे. आणि मुळात कोणाही माणसाचा पृथ्वीच्या एखाद्या जागेवर दुसऱ्याहून अधिक हक्क नाही. म्हणून परक्याला भेटीस येण्याचा हक्क आहे. परंतु तो भेटीचाच, घरात ठाण मांडण्याचा नव्हे. व्यापाराच्या निमित्ताने येऊन दुसऱ्याचा देश ओसाड मानणाऱ्या युरोपीय राष्ट्रांना त्याने त्याच निबंधात फटकारले आणि हिंदुस्थानचा उल्लेखही केला. हा विचार शेवटपर्यंत नेला तर मालकही एक दीर्घ मुक्कामाचा पाहुणाच ठरतो. दोन रात्री आणि दोनशे वर्षे यांत फरक आहे तो मुदतीचा. कर्तव्य दोघांचे एकच.

ते कर्तव्य कोणते, हे अमेरिकेतल्या थोरोकडून शिकावे. १८४५ मध्ये तो वॉल्डन तळ्याकाठी झोपडी बांधून राहू लागला आणि दोन वर्षांहून थोडा अधिक काळ तेथे राहिला. जमीन त्याची नव्हती, मित्र एमर्सनची होती. झाडे तोडण्यासाठी त्याने कुऱ्हाड उसनी आणली आणि परत करताना ती घेतली होती त्याहून अधिक धारदार करून दिली, हे त्याने स्वतःच नमूद केले आहे. पण त्याच थोरोच्या हातून, वॉल्डनला जाण्याच्या आदल्या वर्षी, मासे भाजण्यासाठी पेटवलेल्या आगीने काँकर्डचे सुमारे ३०० एकर रान जळाले होते. तळ्याकाठच्या साधेपणाचा हा आचार्य एके काळी निष्काळजी पाहुणा होता, हे कळल्यावर मला तो अधिक जवळचा वाटू लागला. राखेवर पाणी ओतण्याची बुद्धी जन्मजात नसते. ती बहुधा काही जाळून झाल्यावरच येते.

येथवर विचार आला आणि समाधान वाटू लागले, तोच त्या तळ्याकाठचा राखणदार आठवला. सहरिया जमातीचा, माझ्याच वयाचा गृहस्थ. रात्री शेकोटीपाशी बसला असता मी सहज विचारले की आपले गाव कोणते. पलीकडच्या काळोखाकडे हात करून तो म्हणाला की गाव तिकडे होते, आता नाही. त्याच्या लहानपणीच घरे उठली, गाव जंगलात गेले. त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. रस्ता सांगावा तसे त्याने सांगितले. मग त्याने आमच्या शेकोटीत आणखी एक ओंडका सरकवला.

शेजारच्या श्योपूर जिल्ह्यात कुनोचे असेच झाले. गीरचे सिंह यायचे म्हणून नव्वदीच्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या काही वर्षांत चोवीस गावे हलवली गेली. त्यांत बहुसंख्य सहरियाच होते. सिंह आले नाहीत. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये नामिबियाहून चित्ते आले. रान राखले जावे, वन्य प्राणी परतावेत, हे मलाही मनापासून हवे आहे. परंतु ज्या निर्मनुष्य शांततेसाठी आम्ही शहरातून तेथे गेलो, ती शांतता कोणाचे तरी गाव उठवून मिळाली होती. आम्ही प्लॅस्टिकचा कपटाही मागे ठेवला नाही याचा मला अभिमान होता. 'खूण ठेवू नये' हा तंबूवासीयांचा नियम चांगला आहे. पण तो पाळताना आपण असे गृहीत धरतो की आपल्या आधी तेथे कोणीच नव्हते. त्या गृहस्थाच्या पूर्वजांनी त्या रानात पुष्कळ खुणा ठेवल्या असतील. मोह वेचला, डिंक काढला, तेंदूची पाने खुडली, शेते केली. तरीही रान उरले होते. म्हणून तर ते राखीव करण्याजोगे वाटले. तेव्हा खूण राहिली की पुसली, ही खरी कसोटी नव्हे. आपल्यानंतर येणाऱ्याला तेथे राहता यावे आणि आपल्या आधी असलेल्याला विसरले जाऊ नये, या दोन्ही गोष्टी पाहुण्याने सांभाळल्या पाहिजेत. पहिली बादलीभर पाण्याने साधते. दुसरीसाठी विचारावे लागते आणि मिळालेले उत्तर ऐकून घ्यावे लागते.

आपल्यात म्हणतात, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. आपण तर दोनशे वर्षे राहिलो! या मुक्कामाचा हिशेब करायचा तर जमेच्या बाजूला सांगण्यासारखे निश्चित आहे. ग्वाल्हेरची ख्यालगायकी हद्दूखाँ-हस्सूखाँ यांच्या घराण्याची. वासुदेवबुवा जोश्यांसारख्यांनी ती येथे आत्मसात केली, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी महाराष्ट्रात नेली, शंकरराव पंडित आणि कृष्णराव शंकर पंडित यांनी येथेच राहून शिष्यांना वाटली. उसनी घेतलेली कुऱ्हाड आपल्या लोकांनी बोथट होऊ दिली नाही. पण नावेची बाजूही आहे. ज्या स्वर्णरेखेच्या काठाने आपले लष्कर वाढले, तिचा नाला झाला. तो आपल्या डोळ्यांदेखत झाला.

आणि आता छावणी उठू लागली आहे. मुले पुण्याला, बंगळुरूला, परदेशी. वाड्यांना कुलपे लागतात; कुलपे गंजली की सौदे होतात. आमच्याही वाड्याचा सौदा ठरल्यासारखा आहे. चार वर्षांपूर्वी मागच्या सोप्याची भिंत पडली तेव्हा तिचा राडारोडा मी मजुरांना चौकातल्या विहिरीत टाकू दिला. विहीर वापरात नव्हती, रोडा वाहून नेण्याचा खर्च वाचत होता आणि मनाशी मी नेमके तेच शब्द म्हटले होते: आपण तर आता निघालोच. पणजोबांनी खणलेली ती विहीर. उन्हाळ्यात सारी गल्ली तिच्यावर पाणी भरी. नातवाला राखेचे उत्तर देताना मला ही विहीर आठवली नाही. घरी परतून कुलूप काढताना आठवली.

घर घेणाऱ्या गृहस्थांना तेथे बहुमजली इमारत बांधायची आहे. ते विहीर ठेवतील अशी आशा नाही. तरीही मी मजूर लावून रोडा उपसायला सांगितला आहे. मुलाने फोनवर विचारले, "बाबा, आता याचा काय उपयोग?" उपयोग सांगता आला नाही. घेणारे ती बुजवतील तर तो त्यांचा निर्णय असेल; बुजलेली विहीर त्यांच्या हाती देण्याचा हक्क मला नाही, एवढेच म्हणालो. काम संथपणे चालले आहे. काल बारा हातांवर ओल लागली.