पदवीची सीमा

रोग्यास वैद्याची परीक्षा करितां येत नाहीं. तेवढें ज्ञान असतें तर वैद्याची गरजच पडती ना. म्हणून पदवी ही तिऱ्हाइतानें दिलेली हमी होय. ही हमी देशाची सीमा ओलांडतांच तिचें मोल कोणी ठरवावें?

१८८६ सालीं आनंदीबाई जोशी यांस फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाची पदवी मिळाली. ती प्रमाण मानून कोल्हापूर संस्थानानें आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री-विभागावर त्यांची नेमणूक केली. रुजू होण्यापूर्वींच, १८८७ च्या फेब्रुवारींत, त्या निवर्तल्या. पण संस्थानानें टाकलेला विश्वास विसरण्याजोगा नाहीं.

परदेशीं वैद्यकीची पहिली पदवी घेऊन परतणाऱ्या बहुतेकांस २००२ पासून येथें चाळणी-परीक्षा द्यावी लागते. ही सावधगिरी अन्यायाची नव्हे. हृदय सर्व देशांत सारखेंच धडधडतें आणि अनाडी हातानें तें सर्वत्र सारखेंच थांबतें. परंतु कुशल हृदयरोगतज्ज्ञ सीमेवर कागदांसाठीं खोळंबला, तर वाट पाहण्यास रोग्यापाशीं वेळ कोठें असतो? अनाडी आंत आल्यानें जसा जीव जातो, तसाच कुशल बाहेर राहिल्यानेंही जातो. मात्र या दुसऱ्या मृत्यूचा जाब कोणी विचारीत नाहीं. परीक्षा अवश्य घ्यावी. पण ती रोग्याच्या रक्षणासाठीं, धंद्याच्या कुंपणासाठीं नव्हे.